तपासणी विभाग

सव्वीस वर्षं मी नोटांचे ताव तपासले,
नाशिकरोडच्या प्रेसमध्ये.
शाई फुटलेली, रेघ सरकलेली, आकडा अर्धा उमटलेला.
डोळ्यांना सवय अशी की लग्नपत्रिकेतही
आधी चूक दिसते, मग नवरीचं नाव.

आणि स्वतःच्या डाव्या बरगडीखालचं
दोन वर्षं ॲसिडिटी म्हणून पास केलं.

सोनोग्राफीवाल्यानं पोट पुसायला कागद दिला,
विचारलं, पिता का?
म्हटलं, चहा.
मग यांना बाहेर बसवून पुन्हा तेच विचारलं.
जुन्या सुजेचं पाणी साठलंय, म्हणाला, जिरेल आपोआप.
मला कधी सूज आलीच नव्हती.
जिरलं नाही.

स्वादुपिंड.
शब्द अर्धा स्वयंपाकघरातला, अर्धा रामकुंडावरचा.
सासऱ्यांच्या पिंडाला कावळा शिवायला
पाऊण तास लागला होता; सगळे आकाशाकडे बघत उभे.
हा पिंड मात्र जठरामागे आडवा पडलेला,
त्याच्याकडे कोण बघतंय?

गंगापूर रोडला डॉ. वाघचौरे.
म्हणाले, पिशवी पिशवीत फरक असतो.
काही मधाच्या पोळ्यासारख्या, बारीक खणांच्या, त्यांना डिवचायचं नाही.
काही द्राक्षाच्या घडासारख्या
(नाशिक आहे म्हणून नाही सांगत, पुस्तकातच तसं आहे).
तुमची एकटी. शेपटाकडची. जाड भिंतीची.
अशी क्वचित दिसते, आणि बहुतेक बायकांतच.

त्यांनी फिल्म उजेडावर धरली.
उजेडावर धरलेला कागद दिसला
की मी बसून राहू शकत नाही.
उठले. वॉटरमार्क बघावा तसं बघितलं:
करडा गोल, आत एक पुसट पडदा,
कडेला मोहरीएवढं पांढरं.
हे काय? मी बोट ठेवलं.
डॉक्टर गप्प झाले, चष्मा वर केला,
आणि तिथेच, माझ्या बोटाशेजारी, पेन्सिलीनं खूण केली.

मग दुर्बीण घशातून उतरवून
जठराच्या भिंतीपलीकडे सुई.
गुंगीत होते, पण यांनी नंतर ऐकलं ते सांगितलं:
थेंब दोन बोटांत धरून डॉक्टरांनी बोटं हळूच फाकवली,
आणि म्हणाले, तार येतेय.
मला चिरोट्यांचा पाक आठवला.
आई म्हणायची, तार आली की थांबू नये,
गॅस बंद करावा.

थांबलो नाही.
प्लीहा कदाचित काढावी लागेल म्हणून
पंधरा दिवस आधी तीन लसी.
शकुंतला खर्जुल डबा घेऊन आली, म्हणाली,
प्लीहा म्हणजे काय गं नक्की?
मला सांगता येईना. दोघी हसलो,
मग ती एकदम रडायला लागली
आणि मीच तिला पाणी दिलं.

साडेचार तास.
प्लीहा वाचली. तिची रक्तवाहिनी पिशवीला चिकटलेली होती,
डॉक्टरांनी ती सोडवली, म्हणे, ओल्या नोटा सुट्या कराव्यात तशी.
(हे माझ्यासाठी बेतलेलं वाक्य, मला कळलं.)
कुशीतून एक नळी. तिच्यातलं पाणी रोज मापायचं,
तिसऱ्या दिवशी लॅबला पाठवायचं:
कापलेली कड पाझरतेय का?
नर्स आकडा वाचायची,
मी तिच्या वहीत डोकावून शून्य मोजायचे.

अहवाल नवव्या दिवशी.
कॅन्सर नाही. होऊ शकला असता.
खाली डॉ. तस्नीम यांची एक ओळ:
पिशवीच्या भिंतीत अंडाशयासारखी ऊती.

पुन्हा वाचली.
चार वर्षांपूर्वी सगळं काढलं होतं माझं,
पिशवी, अंडाशयं, सगळं,
पिंपळगावच्या दवाखान्यात.
मग हे इथे, इतक्या वर, कुठून आलं?
त्यांना फोन केला. म्हणाल्या,
तुम्ही आईच्या पोटात असताना
ही दोन्ही शेजारी होती हो, अगदी खेटून.
काही पेशी चुकून इकडे राहिल्या असाव्यात.
असाव्यात, म्हणाल्या. नक्की कुणालाच माहीत नाही.

म्हणजे छपाईतलाच दोष.
पहिल्या तावापासूनचा.

आमच्याकडे सदोष नोट काढली
की तिच्या जागी दुसरी घालतात,
नंबरात चांदणी असलेली.
गड्डी शंभराचीच राहते.

माझ्यात त्या जागी काही घातलं नाही.
विचारलं तर डॉक्टर म्हणाले,
आतडं सरकून येतं.